पानिपत मोहीम (१७६०-६१) आणि आघाडीच्या टेहळणीचे महत्त्व

मुख्य सैन्याच्या पुढे राहून मार्ग, पाणवठे, दाणावैरण आणि शत्रूचा ठावठिकाणा यांची माहिती मिळविणे हे आघाडीच्या पथकांचे प्रमुख कार्य होय. मराठ्यांच्या लष्करी परिभाषेत या आघाडीस 'बिनी' म्हणत. 'बिनीवाले' हे आडनाव त्याचीच साक्ष देते. या कार्यातील उणीव किती महाग पडू शकते, हे पानिपत मोहिमेवरून स्पष्ट होते.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली ताब्यात घेतल्यानंतर सदाशिवरावभाऊंनी उत्तरेकडे कूच केले व ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला. यमुनेच्या पुरामुळे पैलतीरावरील अहमदशहा अब्दाली अडकून पडला आहे, असा मराठ्यांचा समज होता. परंतु ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून नदी ओलांडली. नदीच्या उतारांवर पुरेशी टेहळणी नसल्याने मराठ्यांना त्यास वेळीच रोखता आले नाही. परिणामी अब्दाली मराठे व दिल्ली यांच्या मध्ये आला आणि मराठ्यांचा दक्षिणेकडील मार्ग तुटला.

याउलट, काशीराज पंडिताच्या वृत्तांतानुसार अब्दालीचे सुमारे ५,००० स्वार रात्रभर मराठी छावणीजवळ गस्त घालीत. डिसेंबरमध्ये रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत उपासमार सुरू झाली व १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांना निकराची लढाई द्यावी लागली.

पराभवास अनेक कारणे होती, हे खरे. तथापि युद्धाचे स्थळ व काळ निवडण्याचे स्वातंत्र्य मराठ्यांनी बागपतच्या उतारावरच बव्हंशी गमावले होते.