सरफोजी कीं शरभोजी? एका विरळ नांवाचें मूळ

तंजावरच्या भोसले घराण्यांत एकाच विरळ नांवाचे दोन राजे होऊन गेले. पहिले सन १७१२ पासून १७२८ पर्यंत गादीवर होते, दुसरे सन १७९८ पासून १८३२ पर्यंत. मराठींत या नांवाचें रूप बहुधा सरफोजी असें येतें. संस्कृत ग्रंथांत तें शरभोजी होतें, आणि दरबारचे कवि त्याचेंच पुढें शरभ, शरभराज, शरभेंद्र असें करितात. तामिळ देशांत सरबोजी हा उच्चार रूढ आहे, तर इंग्रजी कागदांत सर्फोजी असें फकारयुक्त रूप दिसतें. एकाच पुरुषाचें नांव इतक्या तऱ्हांनीं लिहिलेलें पाहून त्यांतलें मूळ कोणतें आणि मागून चढविलेला साज कोणता, हा प्रश्न पोथ्या चाळणाराच्या मनांत उभा राहिल्याशिवाय राहत नाहीं.

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु ज्यांना हस्तलिखितांच्या याद्या कराव्या लागतात त्यांना त्याची अडचण ठाऊक आहे. एक यादीकार नांव ‘श’ मध्यें घालतो, दुसरा ‘स’ मध्यें. आणि एका राजाचे दोन राजे होऊन बसतात. याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, शरभोजी हेंच शुद्ध रूप मानून सरफोजीला अपभ्रंश ठरविलें, तर या नांवांत जतन झालेली एक जुनी आठवण कायमची पुसली जाते. आमचें मत थोडक्यांत असें आहे कीं, सरफोजी हें मूळच्या शरीफजी या नांवाचें रूपांतर असून शरभोजी हें त्याचें दक्षिणेंत झालेलें संस्कृतीकरण होय. या मताचीं प्रमाणें खालीं क्रमानें दिलीं आहेत.

वेरूळचे मालोजीराजे भोसले निजामशाहींत चाकरीस होते. त्यांची भार्या उमाबाई ही फलटणच्या निंबाळकर घराण्यांतली. बहुत दिवस पुत्र न झाल्यामुळें अहमदनगर (सन २०२४ पासून अहिल्यानगर) येथील शाह शरीफ या पिरास नवस केला, त्याच्या प्रसादानें दोन पुत्र झाले, आणि पिराच्या नांवावरून थोरल्याचें नांव शहाजी व धाकट्याचें शरीफजी ठेविलें, अशी परंपरा बखरींतून आली आहे. बखरी उत्तरकालीन असल्यामुळें नवसाच्या कथेंतला तपशील कोणास संशयास्पद वाटला तर वाटो. पण कथा बाजूस ठेविली तरी नांवें बाजूस ठेवितां येत नाहींत. एका पिराच्या नांवाचे दोन शब्द. पहिला शब्द थोरल्याकडे गेला आणि दुसरा धाकट्याकडे. हा योग यदृच्छेनें घडला असें मानणें कठीण आहे. बखर नसती तरी केवळ या दोन नांवांवरून नवसाचें अनुमान करितां आलें असतें.

त्या काळीं यांत कोणास विपरीत वाटत नव्हतें. सुलतानजी, हैबतराव, दौलतराव, पिराजी हीं नांवें मराठा सरदारांच्या घरोघर चालत होतीं. शिवाजीमहाराजांच्या पदरीं असलेल्या परमानंद कवीनें शिवभारत हें काव्य संस्कृतांत रचिलें. तंजावरच्या सरस्वती महालांत त्याची पोथी सांपडली व सन १९२७ त सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें प्रसिद्ध केलें. त्या काव्यांत मालोजीचे पुत्र शाह व शरीफ याच नांवांनीं येतात. देवभाषेंत लिहितांना परमानंदाला हीं नांवें बदलावीशीं वाटलीं नाहींत. किंबहुना शिवाजीमहाराजांच्या संस्कृत मुद्रेंत त्यांनीं स्वतःस शाहसूनु म्हणविलें आहे. म्हणजे पिराच्या नांवाचा पहिला शब्द थेट राजमुद्रेपर्यंत पोंचला.

दुसऱ्या शब्दाचें भाग्य मात्र निराळें. शरीफजी सन १६२४ त भातवडीच्या लढाईंत पडले. मलिक अंबरानें मोंगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा पराभव केला ती हीच लढाई. भातवडी अहमदनगरापासून फार दूर नाहीं. ज्या पिराचें नांव धारण केलें त्याच्याच मुलखांत या भोसल्यानें देह ठेविला. शहाजीराजे यशस्वी होऊन निघाले, पण भाऊ गमावून. पुढें सन १६३६ च्या तहानंतर ते आदिलशाही चाकरींत कर्नाटकांत गेले व सन १६६४ त तिकडेच होदिगेरे येथें निवर्तले. त्यांच्या बरोबर घराण्याची एक शाखा व तिच्या आठवणी दक्षिणेंत गेल्या.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनीं सन १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलें. त्यांच्यामागून त्यांचे तिघे पुत्र क्रमानें राज्यावर आले : शहाजी (१६८४–१७१२), सरफोजी (१७१२–१७२८) आणि तुकोजी (१७२८–१७३६). येथें पहिल्या दोन नांवांचा क्रम ध्यानांत घ्यावा. मालोजीचे पुत्र शहाजी व शरीफजी; व्यंकोजीचे पुत्र शहाजी व सरफोजी. थोरल्याला आजोबांचें नांव ठेविलें याविषयीं वाद नाहीं. मग आजोबांचें नांव थोरल्यास दिल्यावर, त्यांच्या रणांत पडलेल्या धाकट्या भावाचें नांव धाकट्यास दिलें, हें अनुमान सरळ आहे. जोडी जशीच्या तशी फिरून आली आहे. सरफोजी याचा अर्थ शरभ-मृगाशीं जोडावयाचा तर ही जोडी मोडावी लागते, आणि ती मोडण्यास कांहीं कारण दिसत नाहीं.

आतां शब्दाचें पाहूं. शरीफ आणि शरफ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. एक थोर या अर्थाचा, दुसरा थोरवी या अर्थाचा. मराठा नांवांत मूळ शब्दास ‘ओजी’ लागून नांव सिद्ध होण्याची चाल सर्वत्र आहे : मालोजी, विठोजी, तुकोजी, राणोजी. ही चाल देशी शब्दांपुरतीच होती असें नाहीं. सन १६६० त चाकणचा किल्ला लढविणारे फिरंगोजी नरसाळा यांचें नांव प्रसिद्धच आहे. फिरंग या परकी शब्दाचें फिरंगोजी झालें. त्याच न्यायानें शरफ किंवा शरीफ यापासून शरफोजी होण्यास प्रत्यवाय नाहीं. ‘ओजी’वर आघात गेल्यावर मागची दीर्घ ‘ई’ क्षीण होणें स्वाभाविक आहे. शकाराचा सकार होणें तर मोडी वाचणारास रोजचेंच आहे. शहाजीचें सहाजी आणि शहराचें सहर कोणीं पाहिलें नाहीं? येणेंप्रमाणें शरीफजी, शरफोजी, सरफोजी ही पायरी कोठेंहि अडखळत नाहीं.

इंग्रजी लेखनाचीहि येथें साक्ष मिळते. तामिळ भाषेच्या स्वतःच्या वर्णमालेंत या फकाराला अक्षर नाहीं. असें असून इंग्रजांनीं या राजाचें नांव फकारानें लिहिलें, तें दरबारांत मराठी व हिंदुस्थानी बोलणारांच्या तोंडून जसें ऐकिलें तसें लिहिलें, असेंच म्हणावें लागतें. उच्चारांत भकार असता तर इंग्रजींत तो फकार कशाला झाला असता?

मग शरभ आला कोठून? याचें उत्तर तंजावरच्या भूमींत आहे. शरभ हा पुराणप्रसिद्ध अष्टपाद प्राणी. नृसिंहाचा क्षोभ शमविण्याकरितां शिवानें घेतलेलें रूप म्हणून शैव लोक त्याला मानितात. कुंभकोणमजवळ त्रिभुवनम् येथील चोळकालीन देवालयांत शरभमूर्तीचें पूजास्थान आजहि आहे. अशा देशांत सरफोजी हा शब्द कानीं पडतांच शरभाची आठवण होणें अपरिहार्य होतें. त्यांत तामिळ लिपीची भर पडली. त्या लिपींत प, फ, ब, भ या चोहोंस एकच अक्षर. श आणि स यांसहि बहुधा एकच. व्यंजन अस्वर आहे हें दाखविणारें टिंब ताडपत्रावर लिहितांना लेखक पुष्कळदां गाळीत असत. म्हणजे सरफोजी आणि शरभोजी हीं दोन नांवें ताडपत्रावर हुबेहूब एकसारखीं दिसूं शकत. तें अक्षर पाहून संस्कृतज्ञ पंडितानें शरभोजी असें वाचलें, तर त्याला दोष देतां येत नाहीं. प्रशस्ति लिहिणाराला तर हें वाचन सोयीचेंच होतें. जगन्नाथ कवीनें पहिल्या सरफोजींच्या कुलाचें काव्य केलें त्याचें नांवच शरभराजविलास आहे. आणि दुसऱ्या सरफोजींच्या वैद्यकशास्त्राच्या तामिळ ग्रंथांस शरभेंद्र हें नांव मिळालें. तुकोजीराजेहि याच घराण्यांत तुळजाराजे म्हणून ओळखले जातात, यावरून नांवास देवतेचें वळण देण्याची तेथील प्रवृत्ति दिसून येते.

यावर कोणी म्हणेल कीं, शरभ हेंच मूळ धरून फकार हा बोलण्यांतला भ्रंश कां मानूं नये? त्यास उत्तर काळाचें आहे. शरीफजी हें नांव भोसले कुलांत तंजावर हातीं येण्यापूर्वीं निदान अर्धशतक होऊन गेलें होतें. शरभाची ख्याति मात्र या घराण्याला कावेरीतीरीं आल्यावर जवळची झाली. आधींचें सोडून नंतरच्यास मूळ म्हणणें न्याय्य नव्हे.

नांवाच्या प्रसाराकडे पाहिलें तर एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पीर एक, नवस एक, भाऊ दोन. पण शहाजी हें नांव महाराष्ट्रभर पसरलें. कोल्हापुरच्या गादीवर (१८२१–१८३८) व साताऱ्याच्या गादीवर (१८३९–१८४८) शहाजी झाले, आणि सामान्य कुळांतहि तें नांव चालतें. शरीफजीला महाराष्ट्रांत असा वंश मिळाला नाहीं. सातारा अथवा कोल्हापुर यांपैकीं एकाहि गादीवर तें आलें नाहीं. नांव लोकप्रिय होतें तें देणाऱ्याच्या पुण्यानें नव्हे, धारण करणाऱ्याच्या कर्तृत्वानें होतें. शरीफजी लवकर पडले. त्यांच्या नांवाला आधार देणारा पुरुष दीडशें वर्षांहून अधिक काळानें तंजावरास जन्मास आला, आणि तोंवर नांवाचें रूप पालटून गेलें होतें.

तो पुरुष म्हणजे दुसरे सरफोजी. सन १७८७ त तुळजाराजांनीं त्यांस दत्तक घेतलें. सन १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी विद्येचें राज्य त्यांनीं सोडलें नाहीं. सन १८२० त काशीयात्रेस निघाले तेथून पोथ्यांचा संग्रह घेऊन परतले. सरस्वती महाल आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. सन १९१८ पासून तो सर्वांस खुला आहे. शिवभारताची पोथी, जींत शरीफ हें नांव न झांकतां लिहिलें आहे, ती याच ग्रंथालयांत टिकून राहिली. अहमदनगरच्या पिराचा दुसरा शब्द ज्याच्या नांवांत दडला होता, त्याच राजाच्या ग्रंथालयानें त्या शब्दाचा पुरावा आपल्या हातीं दिला.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पोथीच्या पुष्पिकेंत सरफोजी असेल तर सरफोजी, शरभोजी असेल तर शरभोजी असेंच उतरून घ्यावें. ‘शुद्ध’ करूं नये. यादींत दोन्ही रूपें घालून एकापुढें दुसऱ्याचा निर्देश करावा. आणि एखाद्या वंशावळींत मालोजीच्या धाकट्या पुत्राचें नांव शरभोजी असें लिहिलेलें दृष्टीस पडलें, तर ती प्रत तंजावरकडील हातांतून आली आहे काय, याचा आधीं तपास करावा. चुकीचें म्हणून खोडलेलें अक्षर पुष्कळदां तेवढीच एक साक्ष असते.