परसबाग (सिंधुदुर्ग जिल्हा)

परसबाग म्हणजे राहत्या घराच्या मागे, बाजूला किंवा भोवती कुटुंबाच्या गरजेपुरता भाजीपाला, फळे, कंदमुळे, मसाल्याची झाडे व औषधी वनस्पती लावलेली लहान बाग होय. परस या शब्दाचा अर्थ घराच्या मागील मोकळी जागा असा आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण, वेंगुर्ले व देवगड या किनारी तालुक्यांत, परसबाग हा घराचाच एक भाग मानला जातो. मालवणी बोलीत 'परड्यातली भाजी' म्हटले की बाजारातून न आणलेली, घरच्या बियाण्याची भाजी असा अर्थ सहज घेतला जातो.

हापूस आंबा व काजू यांच्या व्यापारी बागा या जिल्ह्याची ओळख असल्या, तरी परसबाग त्यांहून वेगळी असते. व्यापारी बागेत एकाच पिकाची अनेक झाडे असतात, तर परसबागेत अनेक पिकांची एकेक-दोन दोन झाडे असतात. गोव्यात व जिल्ह्याच्या दक्षिण भागात पोफळी, नारळ, केळी व मिरीवेल यांची बारमाही पाण्यावरची जी बाग असते, तिला कुळागर म्हणतात. परसबाग कुळागरापेक्षा लहान आणि स्वयंपाकघराच्या अधिक जवळची असते.

जमीन, पाऊस व पाणी

जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बराचसा भूभाग जांभ्या दगडाचा आहे. जांभ्यापासून बनलेली तांबडी माती आम्लधर्मी असते, तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होतो आणि जोराच्या पावसात तिच्यातील अन्नद्रव्येही वाहून जातात. लोह व ॲल्युमिनियमच्या आधिक्यामुळे स्फुरद मातीत अडकून राहते व पिकाला कमी मिळते. चुलीतील राख परसात टाकण्याची जुनी पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे. राखेमुळे मातीची आम्लता काहीशी कमी होते आणि पालाशही मिळते.

समुद्रालगतच्या पुळणीवर परिस्थिती निराळी असते. वाळूत पाणी टिकत नाही, वारा खारा असतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस काही विहिरींचे पाणी मचूळ होते. अशा जागी नारळ उत्तम वाढतो. भाज्यांसाठी मात्र वाळूत शेणखत, पालापाचोळा व माती मिसळून वाफे तयार करावे लागतात.

पावसाळ्यात पाण्याचा निचरा आणि उन्हाळ्यात पाण्याची काटकसर या दोन गोष्टींवर येथील परसबागेची मांडणी ठरते. न्हाणीचे व भांडी घासण्याचे पाणी लहान पाटाने केळी, अळू व नारळ यांच्या आळ्यांत सोडले जाते. त्यामुळे विहिरीचे पाणी वाचते आणि सांडपाणीही साचत नाही.

रचना

अंगणात तुळशीवृंदावन व फुलझाडे, न्हाणीजवळ केळी व अळू, विहिरीजवळ पालेभाज्यांचे वाफे, कडेला शेवगा व कढीपत्ता आणि हद्दीजवळ फणस, आंबा, रातांबा अशी मोठी झाडे, ही सर्वसाधारण मांडणी आहे. कुंपणासाठी जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा घालतात किंवा झाडांच्या फांद्या रोवून वई करतात. वईत गिरिपुष्पाच्या फांद्या लावल्यास त्या रुजतात आणि त्यांचा पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो.

या रचनेत झाडांचे थर असतात. सर्वांत वर नारळ व पोफळ, त्याखाली फणस व रातांबा, त्याखाली केळी, लिंबू व पपई आणि जमिनीलगत हळद, आले, अळू व सुरण येतात. सावलीत तग धरणारी पिके खालच्या थरात घेतल्याने थोड्या जागेत अधिक प्रकार मावतात. पालेभाज्या, मिरची व वेलभाज्या यांना मात्र उघडी, उन्हाची जागाच द्यावी लागते.

हंगामानुसार भाजीपाला

पावसाळी हंगाम मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे साधारण ७ जूननंतर सुरू होतो. काकडी, दोडका, पडवळ, कारले, दुधी, भोपळा व भेंडी यांचे बी या वेळी टोकतात. बी कुजू नये म्हणून सपाट जमिनीऐवजी मातीचे उंच आळे किंवा गादीवाफा करतात. सुमारे १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच वाफा सोयीचा असतो, कारण दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफा तुडवला जात नाही. वेल बांबूच्या मांडवावर चढवतात. फळे मांडवाखाली लोंबत राहिल्याने ती चिखलाला लागत नाहीत आणि सरळ वाढतात.

हिवाळी हंगाम भातकापणीनंतर येतो. लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, टोमॅटो, नवलकोल, रताळी व वाल ही या काळातील पिके होत. चवळी व कुळीथ यांसारखी कडधान्ये भातखाचरातील उरलेल्या ओलाव्यावर येतात. उन्हाळ्यात लागवड कमी करून विहिरीजवळचे मोजकेच वाफे राखतात आणि झाडांच्या आळ्यांवर पालापाचोळ्याचे किंवा नारळाच्या सोडणांचे आच्छादन घालतात.

कंदपिके हे कोकणातील परसबागेचे वैशिष्ट्य आहे. सुरण, अळू, कणग, करांदा व कोनफळ यांची लागवड पावसाच्या तोंडाशी करतात. कणग, करांदा व कोनफळ यांचे वेल जवळच्या झाडावर किंवा काठीवर चढतात आणि पाने पिवळी पडून वेल सुकला की कंद खणून काढतात. करांद्याला जमिनीखालच्या कंदाशिवाय वेलीवरही कंद धरतात. सुरण व अळू खाजरे असतात. त्यांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक हे खाजेचे कारण असून, चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवल्यास ती जाणवत नाही.

फळझाडे

नारळ, केळी, फणस, रातांबा, पेरू, चिक्कू, पपई, पपनस, लिंबू, जाम, आंबाडा, बिंबल व नीरफणस ही परसातील नेहमीची फळझाडे आहेत. यांतील पेरू, चिक्कू, पपई व अननस, तसेच मिरची, टोमॅटो व रताळे ही पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. पोर्तुगिजांच्या काळापासून सुरू झालेल्या सागरी व्यापारातून ती भारतात आली व परसात इतकी रुळली की आज ती परकी वाटत नाहीत. नीरफणसाला बी नसते, म्हणून त्याची लागवड मुळांपासून फुटणाऱ्या रोपांनी करतात.

रातांबा, म्हणजेच कोकम, हा येथील स्वयंपाकाचा आधार आहे. त्याच्या सालीपासून आमसूल, रसापासून आगळ व बियांपासून कोकम तेल मिळते. या झाडात नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी रोपे नर निघतात आणि हे कळण्यासाठी फुलोऱ्याची, म्हणजे सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते. त्यामुळे परसात एकच झाड लावायचे असल्यास मादी झाडाच्या काडीपासून बांधलेले कलम लावणे योग्य ठरते. 'कोकण अमृता' ही कोकमाची जात दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केली आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र वेंगुर्ले येथे आहे. भाज्यांमध्ये कारल्याची 'कोकण तारा', पडवळाची 'कोकण श्वेता' आणि अळूची 'कोकण हरितपर्णी' या जातीही विद्यापीठाने दिलेल्या आहेत.

मसाल्याची व औषधी झाडे

मिरीचा वेल नारळ, पोफळ, आंबा किंवा फणस यांच्या खोडावर चढवतात. हळद व आले झाडांच्या अर्ध्या सावलीत येतात. हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवतात. कढीपत्ता, दालचिनी, जायफळ व तिरफळ ही झाडे परसात किंवा हद्दीवर असतात. तिरफळ बांगडा व तारली यांसारख्या माशांच्या आमटीत घालतात. तुळस, अडुळसा, गवती चहा, पानओवा, कोरफड व आंबेहळद घरगुती उपचारांसाठी लावतात. हे उपचार सर्दी-पडशासारख्या किरकोळ तक्रारींपुरते असून वैद्यकीय उपचाराला पर्याय नाहीत.

खत व कीड

शेणखत, राख, पालापाचोळा व स्वयंपाकघरातील ओला कचरा ही परसबागेची मुख्य खते होत. किनारी भागात सुकवलेल्या माशांचे खत नारळाला घालतात. शेणखताच्या खड्ड्याबाबत एक काळजी आवश्यक असते. नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या कुजणाऱ्या शेणखतात वाढतात. म्हणून खत वेळोवेळी वरखाली करून पांढऱ्या अळ्या वेचून नष्ट कराव्या लागतात.

काकडी, कारले व दोडका यांवर फळमाशीचा उपद्रव मोठा असतो. माशीने डंख केलेली फळे झाडाखाली पडू दिल्यास अळ्या मातीत कोशावस्थेत जातात व पुढची पिढी तयार होते. त्यामुळे किडकी फळे रोज गोळा करून खोल पुरणे हा पहिला उपाय होय. त्याच्या जोडीला कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'रक्षक' सापळा वापरतात.

बियाणे

परसबागेचे पुढील वर्ष बियाण्यावर अवलंबून असते. वेलावरचे चांगले, निरोगी फळ बियांसाठी न तोडता राखून ठेवतात. दोडका वेलावरच वाळवतात, तर काकडीचे पिकलेले फळ कापून बी धुऊन सुकवतात. सुकलेले बी राखेत मिसळून ठेवणे, शेणाने भिंतीवर थापणे किंवा चुलीवरच्या धुरात टांगणे या पद्धती दमट हवेत बुरशी व कीड टाळण्यासाठी रूढ झाल्या. वाल, चवळी व टोमॅटो ही पिके बहुधा स्वपरागित असल्याने त्यांची जात सहसा बदलत नाही. वेलभाज्यांत मात्र मधमाश्यांमुळे परपरागण होते. म्हणून एकाच भाजीच्या दोन जाती शेजारी लावल्यास बियाणे मिसळते. बाजारातील संकरित बियाण्यापासून आलेल्या फळांचे बी पुढच्या वर्षी मूळ गुण देत नाही.

शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व इतरांना देण्याचा हक्क 'पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१' या कायद्याने मान्य केला आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी परसबागेतील देशी बियाण्यांचा संग्रह केला. या कार्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

सण व आहार

गणेशचतुर्थीला मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचा घड, काकडी, केळी व रानातील फळे-फुले बांधतात. तिला माटवी, तर गोव्यात माटोळी म्हणतात. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाशिवाय पिकवलेल्याच भाज्या खाण्याची प्रथा आहे. नांगर न लावता हाताने केलेल्या परसातील अळू, लाल माठ, सुरण, भेंडी व पडवळ यांची ती मिश्र भाजी असते. मृगावर टोकलेल्या वेलांना याच सुमारास भरपूर फळे येतात.

सद्यःस्थिती

जिल्ह्यातील बाजारात मिळणारी बरीचशी भाजी आज बेळगाव व कोल्हापूर भागातून येते. परसबागा कमी होण्याचे एक कारण माकडे, वानर व रानडुकरे यांचा उपद्रव हे आहे. हळद, आले, मिरी, मिरची व सुरण यांना तुलनेने कमी उपद्रव होत असल्याने अनेक कुटुंबे त्यांकडे वळली आहेत. मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळासारख्या आपत्तीत नारळ, पोफळ यांसारखी उंच झाडे उन्मळून पडतात.

दुसरे कारण स्थलांतराचे आहे. जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. मुंबईला गेलेल्या पुरुषांमागे घर व परस स्त्रियांनी सांभाळले आणि बियाण्याची निवड व साठवणही मुख्यतः त्यांच्याच हाती राहिली. कुलूप लागलेल्या घराच्या परसात फणस, रातांबा व नारळ अनेक वर्षे उभे राहतात. भाज्यांच्या बियांची उगवणक्षमता मात्र येथील दमट हवेत काही वर्षांतच संपते. दरवर्षी पेरणारे कोणी उरले नाही, तर त्या घराची काकडी, वांगे किंवा वाल कायमचे नाहीसे होतात. म्हणून घर बंद करण्यापूर्वी बियाणे शेजारच्या दोन-तीन घरांत वाटून ठेवणे हा ते टिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय.

शाळांतील पोषण आहार योजनेच्या जोडीने शालेय परसबागांना उत्तेजन दिले जाते, तसेच राज्याच्या 'उमेद' अभियानातर्फे स्वयंसाहाय्यता गटांच्या माध्यमातून पोषण परसबागेचा प्रसार केला जातो. अशा बागांत विकतच्या पाकिटांबरोबर गावातील जुन्या घरांचे बियाणेही पेरले गेल्यास स्थानिक वाणांना नवे राखणदार मिळू शकतात.