मुलकी, गैरमुलकी आणि व्हिसा



परदेशी नवरा, परदेशी बायको, मुलांचे कागद... हे सगळे अमेरिकेला गेलेल्यांचे विषय असे आपल्याला वाटते. आमच्या परंड्याला मात्र हा विषय जुना आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परंडा निजामाच्या राज्यात होते आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरची बार्शी मुंबई इलाख्यात. मधे करोडगिरीचे नाके. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. सोयरिकी मात्र दोन्हीकडे होत. लग्नाला, बाळंतपणाला जायला कुणी व्हिसा मागत नसे. पण सरकारी नोकरी मागायला गेले की पहिला प्रश्न, तुम्ही मुलकी की गैरमुलकी?

उत्तर १९१९ च्या मुलकी नियमांत होते. जन्माच्या वेळी ज्याचा बाप मुलकी, तो मुलकी. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे राहावे आणि परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढे करावे. मुलकी माणसाची बायको मात्र लग्नानेच मुलकी.

माझी आई बार्शीची. डोक्यावर अक्षता पडल्या आणि ती मुलकी झाली. माझी आत्या परंड्यात जन्मली, वाढली आणि लग्न होऊन बार्शीला गेली. तिचे उलटे झाले. अशा बायकांसाठी नियमात वेगळी तरतूद होती. गैरमुलकी नवरा वारला किंवा काडीमोड झाला आणि ती परत येऊन इथे कायमची राहिली, तर तिला मुलकी समजावे. आत्या १९४५ साली कडेवर मूल घेऊन परत आली. जन्मगावची पुन्हा होण्यासाठी तिला आधी कुंकू पुसावे लागले! आणि ते मूल? जन्मवेळी बाप गैरमुलकी, म्हणून तो जन्माने मुलकी नाही. एका ताटात जेवणारी मायलेकरे, पण आई मुलकी आणि मुलगा गैरमुलकी. पुढे तीन वर्षांत पोलीस ॲक्शन झाली आणि त्याच्यावर दाखला मागण्याची वेळ आली नाही, हे नशीब.

यावरून एकट्या निजामाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचे नागरिकत्वच जाई. १९२२ मध्ये ते सुधारले, पण नवरा नागरिकत्वाला अपात्र असेल तर जुनाच न्याय. आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला अपात्र ठरवले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित. त्यांची पत्नी अमेरिकन. पंडितांचेही नागरिकत्व काढायला सरकार कोर्टात गेले. ते १९२६ मध्ये अपिलात जिंकले म्हणून निभावले.

आपलेही पाहा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाच्या परदेशी बायकोला नोंदणीने नागरिक होता येई, भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला नाही. ती सोय १९८७ पासून झाली. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईमुळे भारतीयत्व मिळायला तर १९९२ चा डिसेंबर उजाडला.

आता आमच्या घरातली चौथी पिढी. माझ्या भावाची नात अमेरिकेची नागरिक. पुण्यात नोकरीला असताना तिने पुण्याच्याच मुलाशी लग्न केले. त्याची पहिली बायको वारलेली, सात वर्षांचा मुलगा आहे. आपल्याला ही दोघे घरची, पण तिच्या देशाच्या दृष्टीने परदेशी नवरा आणि परदेशी मूल! तिने दोघांसाठी दोन स्वतंत्र अर्ज केले. सावत्र मूल चालते, फक्त मुलाला अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लग्न झालेले हवे. नागरिकाचा जोडीदार आणि एकवीस वर्षांखालचे अविवाहित मूल यांना वर्षाच्या संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. बाकी लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला, आर्थिक हमीपत्र, वैद्यकीय तपासणी आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर ग्रीनकार्डही आधी दोन वर्षांचेच.

फोनवर ती वैतागून म्हणाली, "आत्याआजी, किती कागद गं हे!"

कागद पुष्कळ आहेत, खरे आहे. पण त्या सगळ्यांवर अर्जदार म्हणून तिचे नाव आहे. तिच्या सहीने नवरा जाणार आहे, आणि पोटी न जन्मलेला मुलगाही. माझ्या आत्याच्या सहीने तिचे पोटचे पोर मुलकी होऊ शकत नव्हते. मुळात तिची सही कुणी मागितलीच नव्हती. एवढा फरक पडायला चार पिढ्या लागल्या, म्हणून मी तिला म्हटले, बाई गं, कुरकुर न करता भर ते फॉर्म.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुना मुलकी दाखला असेल तर जपून ठेवा, आणि त्यावर बाईचे नाव कसे घातले आहे ते मला जरूर कळवा.