विश्लेषण: चार ईमेल खाती, एकच इनबॉक्स! मोबाइल आणि कम्प्युटरवर सगळी मेल एकत्र कशी पाहायची?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग पुरवणारे अनेक लघुउद्योग उभे राहिले. आज अशा लघुउद्योजकाकडे बहुतेक वेळा तीन-चार ईमेल पत्ते असतात. कॉलेजात असताना काढलेलं जीमेल, कंपनीच्या नावाचा पत्ता, बँकेत दिलेलं जुनं याहू आणि जीएसटी नोंदणीच्या वेळी कर सल्लागाराने घाईत उघडून दिलेलं एखादं खातं. यातली दोन खाती रोज पाहिली जातात. बाकीच्यांचा पासवर्डही आठवत नाही.

एखादी मेल न पाहिल्याने काय बिघडतं?

बरंच काही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार, नोंदणीत दिलेल्या ईमेल पत्त्यावर नोटीस पाठवली तरी ती करदात्याला बजावल्याचं मानलं जातं. जीएसटी नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली तर उत्तर देण्यासाठी नियम २२ प्रमाणे फक्त ७ कामकाजाचे दिवस मिळतात. ‘ते खातं मी उघडतच नाही’ हे कारण इथे उपयोगी पडेलच असं नाही. म्हणूनच सगळी मेल एका ठिकाणी दिसणं गरजेचं आहे.

मेल फॉरवर्ड केली तर?

सर्वात सोपा वाटणारा उपाय हाच. पण जीमेलमध्ये फॉरवर्डिंग लावल्यावर फक्त नवी मेल पुढे जाते आणि स्पॅममध्ये पडलेली मेल जातच नाही. शिवाय उत्तर दिलं की ते दुसऱ्याच पत्त्यावरून जातं. समोरच्या खरेदी विभागाला अनोळखी पत्ता दिसतो आणि तुमचं कोटेशन बाजूला पडू शकतं.

पीओपी आणि आयमॅप म्हणजे काय?

सर्व्हरवरून मेल आणण्याच्या या दोन पद्धती आहेत. १९८४ मध्ये आलेली पीओपी पद्धत मेल तुमच्या यंत्रावर उतरवून घेते. सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. मग ऑफिसच्या कम्प्युटरवर उतरलेली मेल मोबाइलवर सापडत नाही.

आयमॅप पद्धत १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. यात मेल सर्व्हरवरच राहते आणि प्रत्येक यंत्र तीच मेल दाखवतं. मोबाइलवर वाचलेली मेल कम्प्युटरवरही ‘वाचलेली’ दिसते. मात्र एका ठिकाणी डिलीट केलेली मेल सगळीकडून जाते, हे लक्षात ठेवावं. एकापेक्षा जास्त यंत्रं वापरणाऱ्यांनी आयमॅपच निवडावं.

मोबाइलवर काय करायचं?

जीमेल अ‍ॅप उघडून वर उजवीकडे प्रोफाइल फोटोवर टॅप करा आणि ‘अ‍ॅड अनदर अकाउंट’ निवडा. इथे आउटलुक, याहू किंवा ‘अदर’मधून कंपनीच्या डोमेनवरचं खातं जोडता येतं. नंतर डावीकडच्या तीन रेषांच्या मेनूत ‘ऑल इनबॉक्सेस’ निवडलं की सगळी मेल एका यादीत दिसते. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्येही याच नावाचा पर्याय आहे.

कंपनीच्या खात्यासाठी सर्व्हरचं नाव लागतं, ते वेबसाइट सांभाळणाऱ्याकडून घ्यावं. आयमॅपचा सुरक्षित पोर्ट ९९३ असतो आणि मेल पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. काही सेवांमध्ये आयमॅप फक्त पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळतं. अशा खात्यात फॉरवर्डिंगची सोय असेल तरच तो पर्याय उरतो.

आणि कम्प्युटरवर?

ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये दुसऱ्या खात्याची मेल पीओपीने ओढून आणण्याची सोय होती. ती गूगलने २०२६ पासून बंद करायला घेतली आहे. मोबाइल अ‍ॅपमध्ये आयमॅपने खातं जोडण्यावर याचा परिणाम नाही.

कम्प्युटरसाठी थंडरबर्ड हा मोफत पर्याय आहे. सगळी खाती जोडून ‘युनिफाइड फोल्डर्स’ सुरू केलं की एकच इनबॉक्स तयार होतो. ऑक्टोबर २०२४ पासून थंडरबर्ड अँड्रॉइडवरही आहे. कम्प्युटरवरच्या खात्यांची माहिती क्यूआर कोड स्कॅन करून मोबाइलवर नेता येते, त्यामुळे सगळं पुन्हा टाइप करावं लागत नाही.

कोणती काळजी घ्यावी?

- एकत्र इनबॉक्समधून नवी मेल लिहिताना ‘फ्रॉम’मध्ये कोणता पत्ता आहे, ते पाठवण्याआधी पाहा.
- सगळी खाती एका मोबाइलवर आली की तो हरवल्यावर सगळीच धोक्यात येतात. स्क्रीन लॉक आणि प्रत्येक खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.
- रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर बंद झाला असेल तर आधी तो बदला.
- २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल डिलीट करू शकतं. जुन्या खात्यात अधूनमधून लॉगिन करा.
- जाहिरातींच्या खात्याचं नोटिफिकेशन बंद ठेवा. बँक आणि जीएसटीच्या खात्याचं मात्र सुरू ठेवा.

नोंदणीतलं खातंच हाताशी नसेल तर?

आधी जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून नोंदणीत कोणता ईमेल आणि मोबाइल आहे ते पाहा. तो सल्लागाराचा किंवा काम सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा असेल, तर ‘नॉन-कोअर अमेंडमेंट’मधून ओटीपीची पडताळणी करून बदलता येतो. त्यासाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पोर्टलचं लॉगिनच आपल्याकडे नसेल, तर कागदपत्रं घेऊन आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावं. ते नोंदणीतला ईमेल आणि मोबाइल बदलून देऊ शकतात. हे झाल्यावर तोच पत्ता एकत्र इनबॉक्समध्ये सर्वात आधी जोडावा.