पिशवीतला प्रतिस्पर्धी

बुद्धिबळाची जुनी अडचण म्हणजे त्याला दोन माणसे लागतात. पट मिळतो, मोहरे मिळतात. तोलाचा जोडीदार मिळेलच असे नाही. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढले, तिथे ती सोय झाली. पण मुळशी खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवर, आषाढाच्या झडीत, पट मांडून बसणाऱ्याने खेळावे कुणाशी?

या प्रश्नाचे एक उत्तर सातासमुद्रापार तयार झाले. १९७६ साली कॅनडातल्या पीटर जेनिंग्ज यांनी जेमतेम एक किलोबाइट जागेत बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम बसवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या फिडेलिटी कंपनीचे ‘चेस चॅलेंजर’ आले. आपली चाल बटणे दाबून सांगायची, उत्तर लाल दिव्यांच्या अक्षरांत वाचायचे आणि यंत्राचा मोहराही आपणच हलवायचा. पहिल्या यंत्रावर तर पटाच्या अक्षरांची आणि आकड्यांची अदलाबदल झाली होती! मुरलेला खेळाडू त्याला सहज हरवी.

सुधारणा मात्र झपाट्याने झाल्या. १९७९ साली बॅटरीवर चालणारे, प्रवासात नेता येईल असे ‘बोरिस डिप्लोमॅट’ आले. त्याच सुमारास चाल बोलून सांगणारे यंत्र निघाले. अंध खेळाडूंना त्याचा मोठा आधार झाला. १९८० च्या सुमारास मोहरा घरावर दाबला की चाल ओळखणारे पट आले. मग हाँगकाँगच्या कंपन्यांनी ही यंत्रे लहान आणि स्वस्त केली.

बॅटरीचे महत्त्व मुळशीत चटकन कळते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी १९२१ पासून ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली. काठावरच्या कितीतरी वाड्या पुढे अनेक वर्षे कंदिलावरच राहिल्या. तारेवाचून खेळणारा गडी खरा हवा होता तो अशा ठिकाणी. पण विलायती वस्तू आधी पोचते ती पैसेवाल्याच्या दिवाणखान्यात.

शिवाय या यंत्राला आपला देशी डाव ठाऊक नव्हता. देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. चतुरंग इथून इराणला गेला, अरबांकडे शतरंज झाला, युरोपात वजिराची राणी झाली. आणि परत आला तो युरोपचे नियम घेऊन.

१९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला हरवले. आज त्याहून तरबेज खेळणारा प्रोग्राम खिशातल्या मोबाइलमध्ये असतो. वाडीवरच्या पोरालाही आता जोडीदार मिळाला, ही लहान गोष्ट नाही. मात्र डाव संपल्यावर मोहरे मागे घेऊन, “बघ, इथं चुकलास,” असे मायेने सांगणारा पारावरचा म्हातारा कुठल्याच कंपनीला त्या डबीत बसवता आलेला नाही. पोराला मोबाइल जरूर द्यावा. आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर आपणही पट मांडून बसावे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)