बाम्बीचं जंगल कुणाचं?

जुन्या ॲनिमेशन फिल्म्सची चित्रं जमवणारे लोक बरीच वर्षं 'सेल'च्या मागे होते. सेल म्हणजे पारदर्शक पातळ शीट, ज्यावर पात्र रंगवून कॅमेऱ्याखाली ठेवायचे. १९३८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीने डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'चे सेल विकायला घेतले आणि हा बाजार उभा राहिला. गंमत म्हणजे सेलवर मूळ चित्रकाराचा हात नसतोच. त्याची रेघ दुसरं कुणीतरी गिरवतं, तिसरं कुणीतरी मागून रंग भरतं.

फिल्म दिसणार कशी, हे ठरतं त्याच्या खूप आधी, कॉन्सेप्ट ड्रॉइंगमध्ये. ते पडद्यावर कधीच येत नाही. भिंतीवर टाचणीने लावायचं, त्यावर वाद घालायचा, मग काढून ठेवायचं. बहुतेकदा सही नाही, मालकी स्टुडिओची. संग्राहक आजही कागदाच्या कोपऱ्यात टाचणीची भोकं आहेत का ते बघतात.

टायरस वाँगचंच बघा. जन्म चीनमधला, १९१० चा. १९२० मध्ये वडिलांबरोबर खोट्या नावाच्या कागदपत्रांवर अमेरिकेत आला, कारण चिनी मजुरांना तेव्हा कायद्यानेच बंदी होती. या नऊ-दहा वर्षांच्या पोराला एंजल आयलंडवर एकट्याला डांबून ठेवलं होतं. (व्हिसाच्या रांगेत वैतागणाऱ्या आपल्याला हे वाचताना जरा गप्प व्हायला होतं.) १९३८ मध्ये तो डिस्नेत लागला, तेही दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढायच्या कंटाळवाण्या कामावर. तेव्हा 'बाम्बी'चं घोडं अडलं होतं: जंगलाचं पान न् पान इतकं बारीक रंगवलेलं की त्यात हरीण हरवून जायचं. वाँगने घरी बसून काही छोटी चित्रं काढली. सोंग काळातल्या चिनी निसर्गचित्रांसारखी, धुकं जास्त, पानं कमी, मधे एवढंसं हरीण. वॉल्ट डिस्नेला ती आवडली आणि सगळ्या फिल्मचा बाजच बदलला.

१९४१ च्या संपानंतर वाँगला काढून टाकलं, तो संपात नसूनही! १९४२ मध्ये फिल्म आली तेव्हा श्रेयनामावलीत त्याचं नाव होतं, पण बॅकग्राउंड रंगवणाऱ्यांच्या यादीत. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते १९४६ मध्ये. २००१ मध्ये डिस्नेने त्याचा सन्मान केला, २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा तो शंभरी ओलांडून गेला होता. हे शक्य झालं कारण ते कागद शिल्लक होते. संग्राहकांच्या पैशाच्या हौसेला नावं ठेवता येतील, पण त्यांच्यामुळे बरेच कागद कचऱ्यात जायचे वाचले, हे मान्य करायला हवं.

आता मुंबई. 'बाम्बी'वर काम केलेला क्लेअर वीक्स १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये ॲनिमेशन शिकवायला आला. राम मोहन त्याच्याच हाताखाली तयार झाले. या युनिटची सुरुवातीची फिल्मही हरणाचीच: जातककथेवरची 'द बनियन डियर'. तुमच्या घरातलं कुणी तेव्हा फिल्म्स डिव्हिजनमध्ये होतं का? पुढच्या फोनवर आजी-आजोबांना विचारा, आणि माळ्यावर जुन्या फायली असतील तर रद्दीत घालू नका म्हणावं.