गवळण दोन घरची



दिंडीचे मुक्काम, विणेकरी, अन्नदाते यांचा इतिहास या अंकात इतरांनी लिहिलाच आहे. मी लिहितो ते चालींविषयी. कारण आपल्या दिंडीत भांडणे झाली ती पंगतीवरून कमी, चालींवरून जास्त.

आपला मुलूख झाडीपट्टीचा. आषाढात पऱ्हे टाकायचे की वारीला जायचे, हा इथल्या प्रत्येक धानकऱ्यापुढचा पेच. धान घरात आले की मग दंडार, खडी गंमत, शंकरपट. पुढे वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांनी गावोगाव रात्री जागवल्या. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या कितीतरी टाळकऱ्यांना घरचाच मान वाटला. वाटणारच! आषाढात टाळ धरणारा हात दिवाळीनंतर ढोलकीवर पडत होता.

त्यामुळे व्हायचे ते झाले. एकदा काल्याला कुणी गवळण दंडारीच्या चालीवर उचलली. एक जुने टाळकरी टाळ खाली ठेवून म्हणाले, "का गा बुवा, भजन म्हनाचा हाये का दंडार कराची हाये?" निम्मी मंडळी हसली, निम्मी रुसली. तो वाद पुढे कैक वर्षे पुरला.

त्यांची काळजी खोटी नव्हती. अभंगाचे शब्द ठेक्याखाली दबू नयेत, हे खरेच. पण नाथमहाराजांनी भारुडे रचली ती कुठून? वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी, सगळे दारावर येणारे लोक. त्यांचीच सोंगे घेऊन नाथांनी परमार्थ सांगितला. गवळण तर वारकऱ्यांच्या भजनातही आहे अन् खडी गंमतीतही. एकच लेक, दोन घरी नांदते.

दुसरा दाखला आपल्या जिल्ह्यातलाच. तुकडोजी महाराज 1909 साली यावलीला जन्मले, पण चिमूरच्या परिसराने त्यांना आपले मानले. हातात मृदंग नाही, पेटी नाही, एक खंजिरी. तेवढ्यावर सभा हलायची. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले अन् इंग्रज सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले. पुढे त्याच खंजिरीवाल्याने ओवीबद्ध ग्रामगीता लिहिली. लोकसंगीत आणि ग्रंथ यांचे वैर असते तर हे जमले नसते.

रेडिओ आला तशी तिसरी हवा आली. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चाली भीमसेन जोशींच्या गळ्यातून ऐकल्या आणि आमच्या पिढीचे कान उघडले. मीही त्या पायी वेडा झालो, खोटे कशाला बोलू! पण वाटेने चालताना तशी तान घेऊ गेलो तर मागचे चाळीस जण गप्प. बैठकीत एकाने गायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. दिंडीत ध्रुपद सगळ्यांनी झेलायचे असते, तेही चालता चालता, चिखलात. तिथे दंडारीची ती साधी चाल पहिल्याच आवर्तनात साऱ्यांच्या तोंडी बसते. ती हलकी म्हणून नव्हे, शेकडो पायांनी घोटलेली म्हणून.

आता पोरे मोबाईलवरच्या सिनेमाच्या चाली अभंगाला लावतात. त्यावर रागावण्याआधी आपण त्यांना दुसरे काय दिले, हेही बघावे.

ती जुनी गवळण पूर्ण येणारे आपल्या फडात आता दोघेच उरलेत. त्यातल्या एकांचे दात गेले, चाल शाबूत आहे. येत्या एकादशीला हरिपाठ झाला की त्यांना मध्ये बसवू. मोबाईल आणा, पण आधी टाळ आणा.